पाचवीचे दप्तर किती जड असावे?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. तिचे वजन २७ किलो, तर दप्तर साडेपाच किलो. शाळा म्हणते, सगळी पुस्तके रोज हवीतच. याबाबत काही नियम आहे का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये काढला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही हेच प्रमाण आहे. तिसरी ते पाचवीसाठी त्यात १.७ ते २.५ किलो ही मर्यादा दिली आहे. म्हणजे तुमच्या मुलीच्या पाठीवर दुपटीहून अधिक ओझे आहे.

आधी घरी दप्तर रिकामे करून एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवा. जाड दप्तर, स्टीलचा डबा आणि भरलेली बाटली यांचेच वजन बरेच भरते. शाळेत पिण्याचे पाणी चांगले असेल, तर बाटली रिकामी न्यावी. जड पुस्तके पाठीलगतच्या कप्प्यात ठेवावीत आणि दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यावेत. पाठ किंवा मान सतत दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

उरलेले काम शाळेचे. वजनाची नोंद घेऊन पालक-शिक्षक संघात विषय मांडा. रोजच्या तासिकांची फेररचना, शंभर पानांऐवजी कमी पानांच्या वह्या आणि वर्गात पुस्तके ठेवायला कपाट, एवढे तरी लेखी मागा. एकट्याने तक्रार करण्यापेक्षा चार पालकांनी मिळून दिलेले पत्र अधिक उपयोगी पडते.