दूरस्थ प्रवेशाचे दार

दूरच्या सर्व्हरवर आपल्या जागेवरूनच काम करता यावे, यासाठी दूरस्थ प्रवेशाचे सॉफ्टवेअर वापरतात. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ तयार केले. त्यामुळे पासवर्ड उघडपणे न जाता सांकेतिक रूपात जाऊ लागला. १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पाने त्यावरून ‘ओपनएसएसएच’ सर्वांसाठी खुले केले.

कुलूप भक्कम असले तरी त्याची निगा राखावीच लागते. २००६ मध्ये दूर केलेला एक दोष पुढील बदलांत नकळत परत शिरला. तो २०२४ मध्ये उघडकीस आला आणि ९.८ या आवृत्तीत दूर झाला. म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे अगत्याचे असते. मात्र ज्या दारातून आत जायचे, तेच दार बदलायचे असल्याने लहानशी चूकही महागात पडते. प्रवेश बंद झाला, तर दूरवरच्या यंत्रापाशी माणूस धाडावा लागतो.

सावध व्यवस्थापक प्रथम सेटिंगच्या फाइलची प्रत काढून ठेवतो आणि एक जोडणी उघडी ठेवतो. नवी आवृत्ती बसवल्यावर ‘एसएसएचडी -टी’ ही आज्ञा देऊन तो फाइलमधील चुका तपासतो व मगच सेवा पुन्हा सुरू करतो. त्याने आधीची जोडणी सहसा तुटत नाही. मग तो दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश करून पाहतो. प्रवेश न मिळाल्यास उघड्या जोडणीतूनच चूक दुरुस्त करता येते.

नवी किल्ली लागते याची खात्री झाल्यावाचून जुने दार बंद करू नये, हेच या कामातील शहाणपण होय.