शास्त्रीय वराहपालन : शहापूर-मुरबाड भागातील संधी आणि सावधगिरी

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. पावसाळ्यात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण भाताचे पीक हाती आले की बहुतेक शेतजमीन मोकळी राहते आणि अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. दुसरीकडे, आसनगाव-कसारा हा लोहमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग आणि कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता यांमुळे मुंबईची विशाल बाजारपेठ या भागाच्या अगदी जवळ आली आहे. बारमाही उत्पन्न देणाऱ्या जोडधंद्यांचा विचार करताना येथे दुग्धव्यवसाय, शेळीपालन व कुक्कुटपालन यांच्याबरोबर वराहपालनाचे नावही पुढे येणे स्वाभाविक आहे.

या धंद्याचे गुण सर्वश्रुत आहेत. मादीचा गर्भकाळ अवघा ११४ दिवसांचा असतो. चांगली निगा राखल्यास ती वर्षातून दोनदा विते आणि एका वेतात आठ ते बारा पिल्ले देते. परंतु हा धंदा जितक्या झपाट्याने वाढतो तितक्याच झपाट्याने तो एका आठवड्यात नाहीसाही होऊ शकतो. तो टिकेल की नाही हे केवळ जातिवंत जनावरांवर अवलंबून नसते. वराहगृहाच्या फाटकातून आत काय येते आणि बाहेर काय जाते, यावर ते ठरते. या भागात मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे साठे असल्याने हा प्रश्न एकट्या पालकाचा उरत नाही. तो गावाचाही होतो.

संशोधनाची वाटचाल

महाराष्ट्रात वडार, कैकाडी इत्यादी समाजांनी डुकरे पाळण्याची परंपरा जपली. मात्र मोकाट सोडलेली जनावरे आणि घाणीवर होणारे त्यांचे पोषण यांमुळे या व्यवसायास प्रतिष्ठा लाभली नाही. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने तो शास्त्रीय पायावर आणण्याचा प्रयत्न केला. देशात ठिकठिकाणी पैदास केंद्रे व त्यांना जोडून मांसप्रक्रिया कारखाने निघाले. त्यांपैकी एक कारखाना मुंबईत बोरिवली येथे होता. ‘मॅफ्को’ या नावाने त्याची उत्पादने मुंबईकरांच्या परिचयाची झाली होती. ती व्यवस्था पुढे बंद पडली. यातून घेण्याचा धडा असा की, आधी ग्राहक निश्चित करावा आणि मगच वराहगृहाचा पाया खणावा.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७०-७१ मध्ये वराहांविषयी अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू केला, तर २००२ मध्ये आसाममधील गुवाहाटीजवळ राणी येथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र स्थापन झाले. विदेशी लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस व हॅम्पशायर या जातींचा देशी जातींशी संकर करून आपल्या हवामानात तग धरणारी जनावरे तयार करण्यात आली. हॅम्पशायर आणि बंगालकडील घुंगरू यांच्या संकरातून राणी हा वाण निघाला. झारखंडात ‘झारसुक’ विकसित झाला. शेजारच्या गोव्यातील ‘अगोंदा गोवन’ या देशी जातीची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. असे असूनही देशातील डुकरांची संख्या २०१२ च्या पशुगणनेतील सुमारे १ कोटी ३ लाखांवरून २०१९ मध्ये सुमारे ९० लाख ६० हजारांवर आली.

खाद्याचा हिशेब

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या योजनेत ५० माद्या व ५ नर यांच्या केंद्रास भांडवली खर्चाच्या निम्मे, कमाल १५ लाख रुपये, आणि १०० माद्या व १० नर यांच्या केंद्रास कमाल ३० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. हे आकडे आकर्षक आहेत. पण अनुदान भांडवलासाठी आहे, रोजच्या खाद्यासाठी नाही. ५० माद्यांपासून प्रत्येकी दोन वेते आणि दर वेतास जगलेली आठ पिल्ले धरली, तर वर्षाला ८०० पिल्ले होतात. दहा किलोचे पिल्लू नव्वद किलोचे होण्यास, दर किलो वाढीमागे साडेतीन किलो खाद्य या प्रमाणाने, २८० किलो खाद्य लागते. म्हणजे केवळ वाढत्या डुकरांसाठी वर्षाला सुमारे २२४ टन खाद्याची सोय करावी लागेल. एकूण खर्चाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग खाद्यावरच जातो.

भातगिरण्यांतील कोंडा व कणी ही या भागाची जमेची बाजू आहे. परंतु कोंड्यातील प्रथिने अपुरी असल्याने मका, सोयाबीन पेंड, सुक्या मासळीची कुटी व क्षारमिश्रण यांची जोड आवश्यक ठरते. हा खर्च वाचविण्यासाठी अनेकांची दृष्टी शहरातील उपाहारगृहांच्या खरकट्याकडे वळते, आणि नेमक्या याच वाटेने सर्वांत मोठे संकट आत येते.

ज्यावर औषध नाही असा रोग

आफ्रिकन स्वाइन फीवर या विषाणुजन्य रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९२१ मध्ये केनियातून झाले. २००७ मध्ये तो जॉर्जियात पोहोचला व ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये आढळला. जगातील जवळजवळ निम्मी डुकरे पाळणाऱ्या त्या देशातील कळप वर्षभरात सुमारे ४० टक्क्यांनी घटले. भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात त्याचे निदान झाले आणि २०२२ मध्ये तो केरळातील वायनाडपर्यंत आला. हा रोग माणसास होत नाही. पण बाधित डुकरांपैकी बहुतेक सर्व मरतात. तीव्र ताप, खाणे सोडणे, कान व पोटाच्या त्वचेवर लाल-निळसर चट्टे आणि अचानक मृत्यू ही त्याची लक्षणे होत.

हा विषाणू गोठविलेल्या व खारविलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो. खरकट्यातील मांसाचा एक तुकडा संपूर्ण कळपाचा घात करू शकतो. म्हणून मांसयुक्त खरकटे पूर्णपणे वर्ज्य करावे; इतर खरकटेही सतत ढवळत किमान अर्धा तास उकळल्याखेरीज देऊ नये. नवीन जनावरे महिनाभर वेगळी ठेवावीत. व्यापाऱ्याचे वाहन फाटकाबाहेरच थांबवावे. आत जाणाऱ्याने पादत्राणे बदलावीत. तानसा अभयारण्याच्या परिसरात रानडुकरांचा वावर असल्याने वराहगृहास पक्के कुंपण हवे, कारण रानडुकरांनाही हा रोग होतो.

लक्षणांत याच्याशी साम्य असलेला क्लासिकल स्वाइन फीवर हा जुना रोग मात्र लसीने टाळता येतो. पूर्वी ही लस सशांच्या प्लीहेपासून तयार होत असल्याने तिचा पुरवठा तोकडा पडे. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनावर आधारित लस विकसित करून २०२० मध्ये ही अडचण बरीच दूर केली.

माणसाचे आरोग्य

मोकाट डुकराने मानवी विष्ठा खाल्ल्यास पट्टकृमीची अंडी त्याच्या शरीरात जातात व स्नायूंत गाठी तयार होतात. असे मांस कच्चे राहिल्यास खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्या व्यक्तीच्या विष्ठेतील अंडी दूषित अन्न-पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर गाठी मेंदूत होऊन फेफरे येऊ शकते. मांसाला कधीही न शिवणाऱ्यासही ते येऊ शकते. शौचालयांचा वापर आणि डुकरांची बंदिस्त जोपासना हे दोन उपाय ही साखळी तोडतात. जपानी मेंदूज्वराचे विषाणू डुकराच्या शरीरात वाढतात आणि भातखाचरांतील डासांमार्फत पसरतात. यास्तव वराहगृह वस्तीपासून दूर असावे.

प्रतिजैविकांचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. वाढ जलद व्हावी म्हणून ती खाद्यात मिसळण्याची पद्धत युरोपीय संघाने २००६ पासून बंद केली. कोलिस्टिन या माणसासाठी अखेरच्या आधाराच्या औषधास दाद न देणारे जनुक चीनमधील डुकरांत आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी घातली. निरोगी जनावरास प्रतिजैविक देणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. कोरडी जमीन, खेळती हवा आणि स्वच्छ पाणी ही त्याहून स्वस्त व खात्रीची औषधे आहेत. डुकरास घामाद्वारे अंग थंड करता येत नसल्याने उन्हाळ्यात सावली व पाण्याचे फवारे आवश्यक असतात. तसेच, जनावरास हालचाल करता येणार नाही इतक्या अरुंद पिंजऱ्यात कोंडणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाचा भंग ठरतो, हेही ध्यानी ठेवावे.

पाणी आणि मलमूत्र

तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्याच्या परिसरात असून मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातसातून येते. मुरबाडच्या बाजूचे बारवी धरण ठाणे परिसरातील उद्योग व शहरांना पाणी पुरविते. इतके पाणी जवळ असूनही शहापूरमधील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दूध पाजणारी एक मादीच दिवसाला २० ते ३० लिटर पाणी पिते. धुण्याचे पाणी निराळे. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पाणी कोठून येणार, याचे उत्तर प्रकल्पाच्या कागदपत्रांत असलेच पाहिजे.

तेवढेच महत्त्व मलमूत्रास आहे. उघड्यावर साठविलेले शेण पहिल्याच मोठ्या सरीत ओढ्यात आणि तेथून जलाशयात जाते. पावसाचे पाणी वेगळे वळविणाऱ्या पन्हळी, पक्क्या तळाची व छपराखालची टाकी आणि शक्य तेथे जैववायू संयंत्र असावे. पाऊस ओसरल्यावर हेच मळीपाणी खत म्हणून शेतात देता येते. मेलेले जनावर ओढ्यात वा जंगलात टाकणे सर्वथा निषिद्ध मानावे; ते खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

ग्रामपंचायतीचे काम

पशूंमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाविषयी २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार, संशयित रोगाची खबर पालकाने ग्राम अधिकारी वा ग्रामपंचायतीस द्यावयाची आहे आणि तेथून ती नजीकच्या पशुवैद्यकास पोहोचवावयाची आहे. म्हणजे रोगनिवारणाची पहिली कचेरी पंचायतीचीच होय. नमुन्यांच्या तपासणीसाठी भोपाळ येथे राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आफ्रिकन स्वाइन फीवरचे निदान झाल्यास २०२० च्या राष्ट्रीय कृती आराखड्याप्रमाणे एक किलोमीटर परिघातील डुकरे नष्ट केली जातात व दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. एका पालकाने चार दिवस खबर दडविली, तर परिघातील सर्वांचे नुकसान होते. भीतीपोटी आजारी जनावरे घाईने विकणारा पालक तर हा परिघ पुढच्या गावापर्यंत नेतो.

परवानगीचा अर्ज येताच सदस्यांनी पाच गोष्टी विचाराव्यात : वस्ती व ओढा किती अंतरावर आहेत, उन्हाळ्यात पाणी कोठून येईल, खाद्य कोणते, मळीपाण्याची व मृत जनावरांची विल्हेवाट कशी, आणि विक्री कोणाला. शहापूर तालुका व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने ग्रामसभेपुढे हे प्रश्न मोकळेपणाने चर्चिले जावेत. शिक्षकांनी शाळेत पट्टकृमीचे जीवनचक्र शिकविताना गावातील शौचालयांचा संदर्भ दिल्यास तो पाठ घरोघरी पोहोचेल.

जोडधंद्याच्या आशेवर कर्ज काढणाऱ्या लहान शेतकऱ्यास दुसऱ्यांदा उभे राहण्याची ऐपत नसते. त्याचा कळप, गावाचे आरोग्य आणि महानगराचे पाणी ही तिन्ही एकाच फाटकाच्या शिस्तीने सुरक्षित राहतात. ती शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली गेली, तरच शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीत हा व्यवसाय उपजीविकेचे खरे साधन होऊ शकेल.