वाहत्या पाण्याचा हिशेब

पावसाळा ऐन भरात आला की आपल्या तालुक्यात दरवर्षी एक सूचना कानी पडते. सिद्धेश्वर धरणातून पूर्णा नदीपात्रात अमुक इतके क्युसेक पाणी सोडण्यात येत आहे; नदीकाठच्या गावांनी सावध राहावे, गुरेढोरे व शेतीचे साहित्य सुरक्षित स्थळी हलवावे. अशा वेळी वसतिगृहात मुलांना भेटायला आलेले पालक हमखास विचारतात, “सर, दहा हजार क्युसेक म्हणजे नेमके किती पाणी हो?” मी इतिहासाचा शिक्षक. परंतु पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागलेल्या समाजाचा इतिहास शिकविणाऱ्याला हा प्रश्न परका मानता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने वाहत्या पाण्याच्या मोजमापाचा हा छोटासा पाठ आपल्यापुढे ठेवीत आहे.

क्युसेक म्हणजे काय?

तळ्यातील पाणी साठ्याने मोजतात, नदीतील पाणी वेळेच्या हिशेबाने. एका सेकंदात एक घनफूट पाणी पुढे गेले तर तो एक क्युसेक. म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे अठ्ठावीस टँकर एका सेकंदात रिते होत आहेत, असे समजा.

हे मोजण्याचे मूळ सूत्र सोपे आहे. प्रवाहाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. आठवीच्या मुलांना मी हा प्रयोग हिवाळ्यात, पाणी उथळ असताना, ओढ्यावर करायला लावतो. साहित्य इतकेच: मोजपट्टी, काठी, घड्याळ आणि एक न सोललेले संत्रे. संत्रे पाण्यात बरेचसे बुडून तरंगते, त्यामुळे वाऱ्यापेक्षा पाण्याच्याच गतीने जाते. समजा, ओढा ४ मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल आहे. क्षेत्रफळ झाले २ चौरस मीटर. संत्र्याला २० मीटर अंतर जाण्यास ४० सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी व काठाशी पाणी घासत, रेंगाळत जाते, म्हणून पृष्ठभागावरील वेगाला साधारण ०.८५ ने गुणावे लागते. उत्तर येते सेकंदाला ०.८५ घनमीटर, म्हणजे ८५० लिटर, म्हणजेच सुमारे ३० क्युसेक.

अभियंते हेच काम अधिक काटेकोरपणे करतात. ते नदीच्या रुंदीचे अनेक भाग पाडतात आणि प्रत्येक भागात फिरत्या वाट्यांचे प्रवाहमापी यंत्र पाण्यात सोडतात. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांशावर, तर खोल पाण्यात दोन-दशांश व आठ-दशांश अशा दोन ठिकाणी वेग मोजून सरासरी काढतात. रोज एवढा खटाटोप शक्य नसतो. म्हणून पुलाच्या खांबावर पातळीची पट्टी रंगवितात आणि किती पातळीला किती विसर्ग असतो याचा आलेख आधीच तयार ठेवतात. मात्र गाळ साचला किंवा वाळूचा उपसा झाला की पात्र बदलते आणि जुना आलेख खोटे बोलू लागतो. म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. एकदा मोजले म्हणजे कायमचे कळले, असे नदीच्या बाबतीत होत नाही.

टेलच्या शेतकऱ्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी या प्रयोगानंतर एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आमच्या चारीचे पाणी असे मोजता येईल का?” त्याच्या वडिलांची दीड एकर जमीन चारीच्या अगदी टोकाला, टेलला. वरच्या शेतकऱ्यांचे म्हणणे, पाणी सर्वांना सारखेच मिळते; खालच्यांचे म्हणणे, आमच्यापर्यंत पोचतच नाही. दरवर्षी वाद, शिवीगाळ आणि कधी अंगावर धावून जाणे. आम्ही पाळीच्या दिवशी मोठ्या माणसांना सोबत घेऊन गेलो आणि चारीच्या मुखाशी व टोकाशी त्याच पद्धतीने मोजले. टोकाशी निम्म्याहूनही कमी पाणी भरले. त्या दिवशी कोणाचे मन पालटले असा दावा मी करणार नाही. परंतु पुढच्या बैठकीत त्या मुलाचे वडील प्रथमच हातात कागद घेऊन उभे राहिले, आणि त्यांचे बोलणे कोणी मध्येच तोडले नाही. वरच्यांनाही मग चारी कुठे पाझरते, कुठे फुटली आहे, हे पाहावे लागले.

हा प्रसंग घडला तेव्हा मला रोहिणी नदीची आठवण झाली. शाक्य आणि कोलीय दोघेही रोहिणीचे पाणी शेतीला घेत आणि आधी कोणी घ्यायचे, किती घ्यायचे, यावरून भांडत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे मूळ या पाण्याच्या तंट्यातच दाखविले आहे. संघ युद्धाची भाषा बोलत असता सिद्धार्थाने सुचविले की, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. मला वाटते, असे पंच बसले असते तर त्यांना पहिला प्रश्न हाच पडला असता की, नदीत पाणी आहे तरी किती?

पुढे हाच प्रश्न बाबासाहेबांनी देशाच्या पातळीवर हाताळला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्याच काळातली. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. त्याला नेमून दिलेल्या कामांत तथ्ये गोळा करणे, नियोजन करणे आणि समन्वय साधणे यांचा समावेश होता. यात तथ्यांचा मान पहिला आहे, हे ध्यानात घ्यावे. गोदावरीच्या पाणीतंट्यासाठी १९६९ साली नेमलेल्या लवादाने १९८० साली अंतिम निवाडा दिला, तोही नद्यांच्या मोजणीच्या आधारावरच उभा आहे.

पाण्यात मिसळलेले कुठे जाते?

पाणी किती, हा अर्धाच हिशेब झाला. त्यात मिसळलेले काय, आणि ते कुठवर, किती वेळात, किती पातळ होऊन पोचते, हा उरलेला अर्धा. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली आपली पूर्णा येलदरी, सिद्धेश्वर ओलांडून गोदावरीला मिळते. तेथून पाणी नांदेडला, पुढे तेलंगण, आंध्र आणि बंगालच्या उपसागरात. वर कोणी विषारी सांडपाणी सोडले तर खालच्या गावाने नळ किती तास बंद ठेवावा?

ओढ्यात मूठभर हळद टाकून पाहा. पिवळा ठिपका गोळ्यासारखा पुढे जात नाही. मधला प्रवाह वेगवान, काठाचा संथ. त्यामुळे ठिपका लांब ताणला जातो, आणि भोवरे त्याला आडवे कालवतात. असमान वेग आणि आडवे मिसळणे यांतून लांबीच्या दिशेने पसरणे कसे ठरते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५३ साली नळीतील प्रवाहासाठी गणिताने दाखविले. नदीवर हे मोजताना ठरावीक वजनाचे मीठ किंवा चमकणारा रंग सोडतात आणि खाली उभे राहून त्याचे प्रमाण वेळेगणिक नोंदवितात. घाण आधी थोडी येते, मग भरपूर, आणि शेवटची शेपूट बराच वेळ रेंगाळते. म्हणजे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागले तरी धोका टळला असे नसते.

समुद्रकाठी प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तेथे पाणी दिशा बदलते. मुंबईला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. ओहोटीने नेलेले भरती परत आणते. मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासूनची उपलब्ध आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्रात, बंदरांच्या छोट्या प्रतिकृतींमध्ये कृत्रिम भरती-ओहोटी निर्माण करून प्रवाह अभ्यासतात. वरळी आणि वांद्रे येथून मुंबईचे सांडपाणी सुमारे साडेतीन किलोमीटर आत समुद्रात नेऊन सोडतात, ते काठाशी परत येण्यापूर्वी पुरेसे विरळ व्हावे या हिशेबानेच. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी आणि झुआरी या नद्यांच्या मुखांचा असाच अभ्यास केला आहे: पावसाळ्यात गोडे पाणी समुद्राला मागे रेटते, उन्हाळ्यात खारे पाणी नदीत दूरवर शिरते.

या शास्त्राला नेहमी महागडी यंत्रेच लागतात असे मात्र नाही. १९४८ साली रिचर्डसन आणि स्टॉमेल या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. स्कॉटलंडमधील एका खाडीत त्यांनी गाजरासारख्या कंदाचे तुकडे जोडीजोडीने टाकले आणि त्यांच्यातील अंतर कसे वाढते ते मोजले. तुकडे जितके दूर, तितके ते अधिक वेगाने दुरावतात, असे त्यांना आढळले. जवळ असताना मोठा भोवरा दोघांनाही एकत्र वाहून नेतो. अंतर वाढले की तोच त्यांना फाकवू लागतो.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी अभियंता झाला, कोणी ग्रामसेवक, कोणी शेती करतो. आपल्या गावच्या ओढ्याजवळ एक पातळीपट्टी रंगवा आणि एक वही ठेवा. तारीख, पातळी, पाण्याचा रंग, एवढेच लिहा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. आपल्या आजोबांना पाण्याला हात लावू देत नव्हते. आपल्या मुलांनी त्याच पाण्याचा हिशेब ठेवावा, आणि मागितला तर तो चारचौघांत मांडावा.