तो भागाकार खोडून टाक

अगं, रिपोर्टचा फोटो मिळाला. कडेला पेनाने केलेला भागाकारही दिसला. न्यूट्रोफिल्स ७८, लिम्फोसाइट्स १४, उत्तर ५.६, आणि त्याभोवती गोल. आकडा ३ च्या वर गेला की काही खरं नाही, असं कुठंतरी वाचलंस ना?

वाचलंस ते अगदीच खोटं नाही. स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ज्या बायकांचं हे गुणोत्तर जास्त, त्या सरासरीने कमी जगल्या, असं बऱ्याच अभ्यासांत निघालंय. न्यूट्रोफिल्स वाढतात ते अंगात दाह असला की, आणि लिम्फोसाइट्स म्हणजे गाठीशी झुंजणाऱ्या पेशी. पण हे झालं घोळक्याचं गणित. शिवाय रेघ कुठं मारायची यावरही एकमत नाही. कुणी २ वर मारतं, कुणी ३ वर, कुणी ५ वर.

आता मला सांग, रक्त कधी दिलंस? केमोनंतर काउंट वाढवायचं इंजेक्शन झालं होतं ना? अगं, न्यूट्रोफिल्स वाढवणं हेच त्याचं काम! केमोआधी देतात ते डेक्सामेथासोनही न्यूट्रोफिल्स वर नेतं आणि लिम्फोसाइट्स खाली आणतं. दाढ सुजली तरी आकडा हलतो. मग तुझ्या ५.६ मध्ये आजार किती नि औषध किती, कसं ठरवणार?

संशोधकांना यात रस आहे, तो उगाच नाही. एरिब्युलिन या केमोच्या औषधाच्या ‘एम्ब्रेस’ चाचणीची माहिती पुन्हा चाळली, तेव्हा आधीपासून लिम्फोसाइट्स (टक्के नव्हे, दर मायक्रोलिटरला) १५०० किंवा त्याहून जास्त असलेल्या बायका त्या औषधावर अधिक जगलेल्या दिसल्या. तरी निव्वळ या आकड्यावरून औषध ठरवायची रीत अजून नाही.

डॉक्टरांना विचारायचंच तर ईआर, पीआर, हर-टूचं विचार. बीआरसीए झाली का, तेही. ट्रिपल निगेटिव्ह असेल तर पीडी-एल१ चाचणीचं. इम्युनोथेरपी द्यायची का, हे ठरवायला ती लागते. आणि गंमत बघ, ती होते बायॉप्सीच्या ब्लॉकवर, रक्तावर नाही.

सीबीसी, म्हणजे ही रक्ततपासणी, मात्र चुकवू नकोस. न्यूट्रोफिल्स फार उतरले की साधा तापही जिवावर बेततो. थर्मामीटर उशाशी ठेव. १००.४ दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन लाव, क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघत बसू नकोस. आणि मग मला.