पूर्व आफ्रिकेतला भारतीय दुकानदार : गिऱ्हाइकाच्या वहीतले खाते

दुकानदार आपले खाते रोज लिहितो. गिऱ्हाईकही त्याचे एक खाते मनात लिहीत असते, पण ते दुकानदाराला कधी वाचायला मिळत नाही. परमुलखात धंदा करणाऱ्याच्या नशिबाचा फैसला पुष्कळदा या दुसऱ्या खात्यावर होतो. केनिया, युगांडा आणि टांझानिया येथील भारतीय व्यापाऱ्यांचा इतिहास हा याचा मोठा धडा आहे. ज्यांची मुले आज रोजगारासाठी किंवा तिजारतीसाठी बाहेर निघाली आहेत, त्यांनी तो जरूर समजून घ्यावा.

झांजीबार व मोंबासा या बंदरांशी कच्छ, काठेवाड आणि मुंबईचा व्यापार फार जुना. १८९६ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून रेल्वेचे काम काढले. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच दगावले आणि बहुतेक बाकीचे मायदेशी परतले. दुकानदार मुख्यतः या मजुरांमधून आले नाहीत. ते बहुतांशी गुजरातमधून स्वतःच्या हिमतीवर गेलेले लोक होते. कच्छचे अल्लीदिना विश्राम लहान वयात झांजीबारला गेले आणि त्यांनी किनाऱ्यापासून युगांडापर्यंत दुकानांची साखळी उभी केली. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘डुका’ म्हणतात, तो शब्द आपल्या ‘दुकान’च्या नात्यातलाच आहे.

दोन वह्या, दोन हिशेब

आता दुकानदाराची वही पाहू. जिथे कोणी माल नेत नव्हते तिथे त्याने मीठ, साखर, कापड नेले. उधारी दिली. सारे कुटुंब पहाटेपासून रात्रीपर्यंत दुकानात राबले. यात खोटे काही नाही.

गिऱ्हाइकाच्या वहीत मात्र वेगळ्या नोंदी होत्या. युगांडाचा शेतकरी कापूस पिकवी, पण सरकी काढण्याचे कारखाने बहुतांशी भारतीयांच्या हाती होते. म्हणजे त्याचा कापूस घेणारे भारतीय आणि त्याला कापड विकणारेही भारतीय. दुकानात आफ्रिकी माणूस असे तो ओझे उचलायला. गल्ल्यावर घरचाच माणूस बसे. शाळा वेगळ्या, वस्ती वेगळी, सोयरीक तर दूरच.

याला इंग्रजी राज्याची घडीही कारण होती. केनियातील उत्तम डोंगराळ जमीन गोऱ्यांसाठी राखीव होती, तिथे भारतीयाला शेती घेता येत नव्हती. वरची सरकारी पदेही गोऱ्यांकडे. भारतीयाला मधली जागा मिळाली. शेतकऱ्याला गव्हर्नर कधी दिसत नसे, दुकानदार रोज दिसे. भाव लंडनला ठरो की मुंबईला, राग निघे तो समोरच्या माणसावर. १९४९ मध्ये बुगांडात दंगल झाली, तेव्हा आपला कापूस आपणच पिंजून विकण्याचा हक्क ही शेतकऱ्यांची एक मागणी होती. १९५९ मध्ये तिथेच भारतीय दुकानांवर बहिष्कार पडला. वहीतली बाकी वाढत होती, हे दाखवणाऱ्या या दोन सूचनाच होत्या.

नव्वद दिवस

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने भारतीय वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. हे लोक गाईचे दूध काढतात पण तिला चारा घालत नाहीत, असा त्याचा आरोप. हा उघड जुलूम होता. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे जेमतेम पन्नास पौंड घेऊन निघाली. परंतु रस्त्यावर पुष्कळांनी या हुकमाचे स्वागत केले, हेही विसरता येत नाही. नंतर दुकाने लष्करी अधिकाऱ्यांना व मर्जीतल्या लोकांना वाटली गेली, फळ्या रिकाम्या पडल्या, साखर मिळेनाशी झाली. दुकानदार काय काम करत होता हे तो गेल्यावर कळले. १९८६ नंतर मुसेवेनी सरकारने त्याच लोकांना परत बोलावले.

यातले सुमारे अठ्ठावीस हजार ब्रिटनला गेले. तिथल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्याकडे येऊ नका, असे कळवले होते. आज तेच शहर या लोकांच्या बाजारपेठेचा अभिमान सांगते. माणसे तीच, पण एका मुलखात ती शोषक ठरली, दुसऱ्यात आधी ओझे आणि मग कौतुकाचा विषय. म्हणजे लोकांची नजर कायमची नसते. ती बदलते, आणि काही अंशी आपल्या वागण्यानेही बदलते.

कांग्यावरची म्हण

कापडवाल्यांनी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. पूर्व आफ्रिकेतील स्त्रिया ‘कांगा’ नावाचे छापील वस्त्र वापरतात. त्यावर एक स्वाहिली म्हण छापलेली असते. ही पद्धत मोंबासाचे व्यापारी कादरदिना हाजी एस्साक यांनी रूढ केली, असे मानले जाते. गिऱ्हाइकाच्या मनातले बोल ओळखून ते कापडावर उतरवण्यासाठी आधी त्याच्याजवळ बसून ऐकावे लागते. तो कांगा आजही विकला जातो.

दुसरे उदाहरण गल्ल्यापलीकडचे. मखनसिंग यांनी केनियात कामगार संघटना बांधल्या आणि त्यापायी इंग्रजांच्या कैदेत अकरा वर्षे काढली. गोव्याच्या कुटुंबातले पिओ गामा पिंटो स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९६५ मध्ये नैरोबीत त्यांचा खून झाला. अशी नावेही तिथल्या लोकांच्या वहीत आहेत. जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

तात्पर्य, परमुलखात जाणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझ्या गल्ल्यावर इथला माणूस कधी बसेल का? त्याची भाषा मला फक्त भाव सांगण्यापुरती येते, की त्याचे सुखदुःख ऐकण्यापुरतीही येते? आणि त्याच्या अडचणीच्या दिवशी मी शटर खाली ओढतो की बाहेर येतो? नफा वर्षाअखेरीस मोजता येतो. एतबार मात्र गिऱ्हाईकच मोजते, आणि कधी कधी त्याचा आकडा आपल्याला नव्वद दिवस आधी कळतो.