खिचडीची पहिली ताटली

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी दलित वस्तीतल्या, म्हणून निम्म्या पोरांच्या दप्तरांतून घरचे डबे येऊ लागले. आणि तू मावशींची बाजू घेतलीस म्हणून शाळा समितीतले लोक तुझ्याशी धड बोलेनात. आई म्हणते देवावर विश्वास ठेव, पण त्याने काय होणार, असं तू विचारतेस. नुसत्या विश्वासाने काही होत नाही. तुझी आई माझी बहीण असली तरी हे मी लिहिणारच.

साने गुरुजींचंच बघ. त्यांचं उपोषण आपण एका दमात सांगून टाकतो: पंढरपूर, मे १९४७, दहा दिवस, विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडलं. आधीचे महिने कुणी सांगत नाही. उपोषण खरं तर १९४६च्या कार्तिकीलाच व्हायचं होतं. ते पुढे ढकलून गुरुजींनी महाराष्ट्र पालथा घातला. गावोगावी सभा, सोबत राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. खुद्द पंढरपुरात टेकायला जागा मिळेना, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. विरोध काही देवळाच्या पुजाऱ्यांचा, एकट्या बडव्यांचा नव्हता. उपोषण सोडा असं गांधीजींनीही कळवलं. ज्यांना गुरुस्थानी मानलं, त्यांचाच नकार! तरी गुरुजी हटले नाहीत. अखेर दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि देऊळ उघडायचं ठरलं.

देव आपल्या पक्षात आहे ही खात्री म्हणजे श्रद्धा, असं समजू नकोस. ती खात्री दार अडवून बसलेल्यांनाही होती. गुरुजींचा भरवसा असा, की अडवणाऱ्याच्या आतही विठ्ठल आहे. म्हणून त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जायचं. मला तर उपोषणापेक्षा ती पायपीटच अवघड वाटते.

तेव्हा डबा आणणाऱ्या पोरांना वर्गात एक शब्द बोलू नकोस, त्यांचा काय दोष? चव नोंदवहीत सही ठोकून मोकळी होऊ नकोस. व्हरांड्यात सगळ्यांसमोर मांडी घालून बस आणि पहिली ताटली तू खा. संध्याकाळी पालकांकडे जा. एखादी आजी दारातूनच परतवून लावेल; आठवड्याने पुन्हा जा, तिच्या गुडघ्यांची चौकशी कर. मावशींना काढायचा ठराव आला, तर मात्र तिथे गोडीगुलाबी नको. विरोध लेखी नोंदव, इतिवृत्ताची नक्कल माग, केंद्रप्रमुखांना कळव. घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता संपवली आहे, त्यावर गावात मतदान होत नसतं.

आणि हे सगळं मावशींना विचारूनच कर. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, तुझ्या धाडसाचा नाही.

बदलीचा अर्ज करायचा की नाही ते तू ठरव, तुझ्या आईला मी सांभाळतो. समितीची सभा कधी आहे ते कळव.

तुझा,
मामा