उत्तरेकडील फियोर्डात देवमाशांच्या दर्शनास : एका नौकासहलीच्या योजनेचा पाठ

(इयत्ता सातवी : भूगोल, गणित व सामान्य विज्ञान यांचा समवाय)

पाठाचा हेतू

नकाशावर गाव दाखविता येणे हे भूगोलाच्या अध्ययनाचे एक फळ होय. परंतु नकाशा, ऋतू, प्रकाश व वारा यांचा मेळ घालून प्रवासाचा विचार करता येणे, हे त्याहून मोठे फळ होय. सहल म्हटली की विद्यार्थ्यांच्या मनात आनंद येतो. योजना येत नाही. योजना ही वडील मंडळींनी करावयाची गोष्ट, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत दूर करावी व एका दूरच्या देशातील सहलीची आखणी विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी, हा ह्या पाठाचा हेतू आहे. पाठास तीन तासिका लागतील. जगाचा नकाशा, पृथ्वीचा गोल, दोरा व फळा एवढे साहित्य पुरे.

विषयप्रवेश

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे हा अध्यापनाचा जुना व खरा नियम आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे येथे देवमाशाचे एक पिल्लू किनाऱ्यावर येऊन वाळूत रुतले. ग्रामस्थ व सरकारी खात्यांची माणसे यांनी त्यास ओले ठेवून जगविण्याची व पुन्हा समुद्रात सोडण्याची पुष्कळ धडपड केली. तथापि ते पिल्लू वाचले नाही. ही हकीकत सांगून शिक्षकांनी विचारावे : देवमासा पाण्यात राहतो, मग तो मासाच का नव्हे? तो श्वास कोठून घेतो? आपल्या पिलास तो काय पाजतो? उत्तरांतून देवमासा हा हवेत श्वास घेणारा, पिलास दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हे निघेल. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते, म्हणूनच तो माणसाच्या दृष्टीस पडतो, हेही तेथेच सांगावे. मग असा प्राणी जिवंत व स्वतंत्र स्थितीत पाहावयाचा असेल तर कोठे, केव्हा व कसे जावे, ह्या प्रश्नाने मुख्य विषयाकडे वळावे.

स्थळ : फियोर्ड म्हणजे काय?

हिमनदीने डोंगरात खोल कोरलेल्या दरीत समुद्राचे पाणी शिरले म्हणजे जी लांब, अरुंद, उंच कड्यांची खाडी तयार होते, तिला फियोर्ड म्हणतात. नॉर्वे देशाचा पश्चिम किनारा अशा फियोर्डांनी चिरलेला आहे. त्यांतील सोग्नेफियोर्ड हा २०० किलोमीटरांहून लांब असून त्याची खोली १३०० मीटरांच्या आसपास आहे. कोकणातील खाडी नदीच्या मुखाशी असते व पुष्कळदा उथळ असते. फियोर्डात मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर अथांग पाणी लागते. म्हणून देवमाशासारखा प्रचंड प्राणी तेथे गावाच्या अगदी जवळ येऊ शकतो.

ह्या पाठासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळील शेर्वॉय हे बंदर व त्यालगतचा क्वेनांगेन फियोर्ड घ्यावा. हे ठिकाण सुमारे ७०° उत्तर अक्षांशावर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे. गोलावर दोरा धरून विद्यार्थ्यांनी ते शोधावे. इतक्या उत्तरेस असूनही तेथील फियोर्डाचे पाणी हिवाळ्यात गोठत नाही. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहाची उत्तरेकडील शाखा त्या किनाऱ्यास ऊब देते.

काल : देवमासे केव्हा येतात?

देवमासा येतो तो अन्नामागे, आणि ते अन्न म्हणजे हेरिंग मासा. हा आपल्याकडील तारलीशी नाते सांगणारा, थव्याने राहणारा मासा होय. हिवाळ्यात हेरिंगचे प्रचंड थवे फियोर्डांच्या खोल पाण्यात विसावतात. त्यांच्या मागोमाग ओर्का व हंपबॅक ही दोन जातींची जनावरे येतात. ओर्का हा काळ्यापांढऱ्या रंगाचा असून डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे. नराच्या पाठीवरील पर माणसाच्या उंचीइतका होऊ शकतो. ओर्का मिळून शिकार करतात : थव्याला घेरून पृष्ठभागाकडे हाकतात, त्याचा दाट गोळा करतात व शेपटीच्या फटक्याने मासे बधिर करून एक एक टिपतात. हंपबॅक हा १२ ते १६ मीटर लांबीचा देवमासा. तो तोंड वासून खालून वर येतो व एका घासात शेकडो मासे घेतो. येथे पोट भरल्यावर हंपबॅक उष्ण कटिबंधातील समुद्राकडे, काही तर कॅरिबियन समुद्रापर्यंत, हजारो किलोमीटर जातात. त्या उष्ण पाण्यात ते फारसे खात नाहीत. म्हणजे फियोर्डातील जेवण ही त्यांची पुढील प्रवासाची शिदोरीच होय.

हा काळ साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी असा असतो. परंतु स्थळ कायमचे नसते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे पंधरा वर्षे हेरिंगचे थवे दक्षिणेकडील टिसफियोर्ड व ओफोटफियोर्ड या भागांत हिवाळा काढीत, व देवमासे पाहणारे लोकही तेथेच जात. पुढे थव्यांनी ती जागा सोडली. २०१२ नंतर काही हिवाळे ते ट्रोम्सो शहराजवळ आले आणि २०१७ पासून क्वेनांगेनकडे वळले. जुन्या माहितीवर आखलेली सहल रिकाम्या पाण्यात जाऊन पोहोचते. म्हणून योजनेचा पहिला नियम : माहिती चालू हंगामाची घ्यावी, आणि ती तेथील कोळ्यांकडून व नावाड्यांकडून घ्यावी.

प्रकाशाचे गणित

येथे गणिताचा समवाय साधावा. मध्यान्ही सूर्याची उंची काढण्याची रीत सोपी आहे : ९० मधून अक्षांश वजा करावा, २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तर गोलार्धात आणखी २३½ वजा करावे. रत्नागिरी सुमारे १७° वर आहे; ९० – १७ – २३½ = ४९½. तेथे सूर्य मध्यान्ही चांगला वर असतो. शेर्वॉयसाठी ९० – ७० – २३½ = –३½. उत्तर शून्याहून कमी आले! विद्यार्थी प्रथम आपले गणित चुकले असे समजतील. शिक्षकांनी लगेच खुलासा न करता त्यांस गोलाकडे पाहू द्यावे. ऋण साडेतीन याचा अर्थ, सूर्य मध्यान्हीसुद्धा क्षितिजाखाली साडेतीन अंश असतो, म्हणजे तो उगवतच नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे अशी ध्रुवीय रात्र असते. तथापि संपूर्ण काळोख नसतो; डिसेंबरात सकाळी साडेनऊपासून दुपारी दीडपर्यंत, म्हणजे सुमारे चार तास, संधिप्रकाश मिळतो. सहलीची सारी पुंजी ती एवढीच.

आता वेळापत्रक मांडावे. समजा, देवमासे बंदरापासून १२ सागरी मैलांवर आहेत व नौकेचा वेग ताशी १२ सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साडेनऊस निघालेली नौका साडेदहास पोहोचेल. परतीस एक तास हवा, आणि अडचणीसाठी अर्धा तास राखून ठेवावयाचा. म्हणजे बारा वाजता नौका वळलीच पाहिजे. पाहण्यास दीड तास उरला. ट्रोम्सोहून निघणाऱ्या वेगवान नौकेस शेर्वॉयच्या पाण्यात येण्यास सुमारे तीन तास लागतात. तिचा बहुतेक प्रवास अंधारातच होतो. कोणत्या बंदरातून निघावे, याचा निर्णय विद्यार्थ्यांनी कारणांसह द्यावा. इंधनासाठी दर्यावर्दी लोकांचा एक जुना दंडक आहे : एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, एक तृतीयांश शिल्लक.

नौका, वस्त्रे व थंडी

मोठ्या नौकेत बंदिस्त व उबदार खोली असते. ती लाटांत कमी हलते. हवा भरलेल्या रबरी कडांची उघडी नौका चपळ असते, पण तीत वारा व तुषार सरळ अंगावर येतात. लहान मुले, वृद्ध व पाठीचे दुखणे असलेली माणसे यांनी मोठी नौकाच निवडावी.

वस्त्रे थरांनी घालावीत : आत लोकरीचे, त्यावर उबेचे, सर्वांत वर वारा व पाणी अडविणारे. सुती कपडा अंगालगत नसावा. तो भिजला की सुकत नाही व अंगातील ऊब ओढून घेतो. नौका लागत असेल त्याने वैद्याच्या सल्ल्याने औषध निघण्यापूर्वी घ्यावे. त्रास सुरू झाल्यावर घेतलेल्या औषधाचा उपयोग थोडा.

थंड पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. पहिल्या सुमारे एका मिनिटात श्वास आवरत नाही व धापा लागतात. ह्याच वेळी पाणी नाकातोंडात जाते. पुढील सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. शुद्ध मात्र बहुधा तासाभरापर्यंत टिकते. म्हणजे अनेक माणसे थंडीने गारठण्याआधीच, तरंगता न आल्यामुळे बुडतात. तरंगण्याचे जाकीट पिशवीत नव्हे, अंगात असावे लागते, त्याचे कारण हे.

देवमाशांशी व कोळ्यांशी वागणूक

पाहुण्याने यजमानाच्या ताटात हात घालू नये. नौका देवमाशाच्या समोरून किंवा पाठीमागून न नेता बाजूने, समांतर व संथ न्यावी. आई व पिल्लू यांच्यामध्ये कधीही शिरू नये. अनेक देशांच्या नियमांत १०० मीटरांचे अंतर सांगितले आहे. देवमासा आपण होऊन जवळ आला तर यंत्राची गती तोडून स्तब्ध राहावे. ओर्का आवाजाच्या साह्याने शिकार व संभाषण करतात. चार नौकांच्या यंत्रांचा गलबला त्यांच्या कानांवर पडदा घालतो. त्याच पाण्यात कोळी जाळी टाकतात व देवमासे त्या जाळ्यांभोवती जमतात. तेथे सहलीच्या नौकेने दूर राहणे हा कायदाही आहे आणि माणुसकीही आहे.

येथे इतिहासातील एक गोष्ट सांगावी. १९६० च्या दशकात नव्या यंत्रांच्या बळावर हेरिंगची इतकी बेसुमार मासेमारी झाली की त्या दशकाच्या अखेरीस तो साठा जवळजवळ संपला. कडक बंधने घातल्यावर तो सावरण्यास वीस वर्षे लागली. हंपबॅकची शिकार उत्तर अटलांटिकमध्ये १९५५ साली आंतरराष्ट्रीय निर्णयाने बंद झाली. नॉर्वे आजही मिंक नावाच्या लहान जातीच्या देवमाशाची शिकार करू देतो, हेही लपवू नये. आज जे दृश्य दिसते, ते माणसाने वेळीच हात आवरल्याचे फळ आहे.

नाट्यीकरण : बारा वाजता

तिसऱ्या तासिकेत वर्गात नौका मांडावी. एक विद्यार्थी तांडेल, इतर प्रवासी. घड्याळात बारा वाजले आहेत; अद्याप एकही देवमासा दिसलेला नाही. वायव्येस ढग दाटत आहेत. एक प्रवासी म्हणतो, “तांडेल, एवढ्या लांबून आलो, पंधराच मिनिटे थांबा.” दुसरा म्हणतो, “पैसे भरले आहेत.” तेवढ्यात दूरवर श्वासाचा फवारा उडाल्याचा भास होतो. तांडेलाने काय करावे?

शिक्षकांनी उत्तर सांगू नये. वाद होऊ द्यावा. राखून ठेवलेला अर्धा तास हा ‘उरलेला वेळ’ नसून अडचणीचा ठेवा आहे, हे एखादा विद्यार्थी तरी बोलून दाखवील. न बोलला, तर फळ्यावरील वेळापत्रकाकडे बोट दाखवावे. गर्दीची इच्छा व घड्याळाचा काटा यांत काट्याची बाजू घेणारा माणूस त्या क्षणी कोणासही आवडत नाही. परंतु सर्व माणसे घरी पोहोचतात ती त्याच्यामुळे.

उजळणीचे प्रश्न

१. फियोर्ड व कोकणातील खाडी यांतील दोन फरक सांगा.
२. २२ डिसेंबरला आपल्या गावी मध्यान्ही सूर्य किती अंश वर असेल?
३. नौकेचा वेग ताशी ८ सागरी मैल असता, वरील उदाहरणात पाहण्यास किती वेळ उरेल व नौका किती वाजता वळेल?
४. हेरिंग नाहीसा झाला तर देवमासे, कोळी व पाहुणे यांवर काय परिणाम होईल?

स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी गटागटाने आपल्या शाळेच्या एका जलसहलीची योजना लिहावी. खाडी, धरण किंवा नदी कोणतीही चालेल. तीत पुढील गोष्टी असाव्यात : नौकेची क्षमता, प्रत्येकास जाकीट, निघण्याची व वळण्याची वेळ, किनाऱ्यावर राहून परतीची वाट पाहणाऱ्या माणसाचे नाव, आणि सहल रद्द करण्याचा अधिकार कोणाचा.

तपासताना शिक्षकांनी अक्षर व चित्रे यांपेक्षा शेवटच्या तीन बाबींकडे अधिक लक्ष द्यावे. ज्या योजनेत वळण्याची वेळ लिहिलेली नाही, ती कितीही सुंदर असली तरी अपुरी समजून परत द्यावी. आणि ज्या गटाने “वारा सुटल्यास निघावयाचे नाही” असे आपण होऊन लिहिले असेल, त्याची योजना वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी.